लायसन्स कशाला बांधलंय ते आधी बघ, मग फॉरमॅट मार

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्याकडच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) तू नवीनच लागलास, ऑफिसात चार कॉम्प्युटर लॅनवर, म्हणजे आपसात जोडलेले आहेत, पाचवा भुईकाट्याच्या (ट्रकचं वजन करायच्या काट्याच्या) केबिनमध्ये एकटाच, त्याला ना लॅन ना नेट. शेटजींनी कुठेतरी ऐकलं की विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून कापूस यायला लागायच्या आत सगळे फॉरमॅट मारून विंडोज 11 टाक म्हणाले, आणि तुला धास्ती ही की नंतर हिशेबाचं टॅली, विंडोज आणि काट्याचं सॉफ्टवेअर परत अ‍ॅक्टिव्हेट होईल का नाही. शिवाय लॅनवरच्याला वेगळं लायसन्स लागतं का आणि सुट्याला वेगळं, हेही विचारलंयस. तू माझ्या पोराच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

मी 2003 पासून जळगावात हेच करतोय, आणि माझा एकच ठोकताळा आहे. सॉफ्टवेअर कोणतंही असो, आधी विचारायचं की याचं लायसन्स कशाला बांधलंय. गाय कोणत्या खुंट्याला बांधली ते माहीत नसताना गोठा पाडायचा नाही, एवढंच. खुंटे चार प्रकारचे असतात: त्या मशीनच्या मदरबोर्डला, यूएसबीत खोचलेल्या डोंगलला (पेनड्राइव्हसारख्या किल्लीला), लॅनमधल्या दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला, नाहीतर कुणाच्यातरी ईमेल आयडीला. काही सॉफ्टवेअर दोन खुंट्यांना बांधलेलं असतं आणि तिथेच माणूस फसतो, मीसुद्धा फसलोय.

2012 च्या मार्चअखेरची गोष्ट. दाणाबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर फार स्लो झाला म्हणून 30 तारखेच्या रात्री मी तो फॉरमॅट मारला, डेटा परत टाकला, टॅली टाकलं, उघडून बघितलं, कंपनी दिसतेय, बॅलन्स जुळतोय, गेलो घरी. लायसन्सचं डोक्यातच नाही. 31 ला एन्ट्र्या झाल्या, 1 ला झाल्या, 2 ला झाल्या, आणि 3 एप्रिलला सकाळी मुनीमजींचा फोन, "भाऊ, आज तीन तारीख शे, पन एन्ट्री जाई नही ऱ्हायनी, काय व्हयनं?" झालं असं होतं की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसताना शिकण्यापुरतं, चालू होतं, आणि त्या मोडमध्ये महिन्याच्या फक्त 1, 2 आणि 31 तारखेच्याच एन्ट्र्या घेता येतात. नेमक्या त्याच तीन तारखा पाठोपाठ आल्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. मग रिअ‍ॅक्टिव्हेट करायला गेलो तर लायसन्स ज्या ईमेलवर रजिस्टर होतं तो ईमेल आधीच्या कुठल्यातरी डीलरचा, आणि त्याने दुकान बंद करून टाकलेलं. चार दिवस गेले. शेटने पैसे दिले पण परत बोलावलं नाही.

म्हणून टॅलीपासूनच सुरू करतो. टॅलीप्राइम सिल्व्हर म्हणजे एका वेळी एक माणूस, गोल्ड म्हणजे एकाच जागेच्या लॅनवर कितीही जण. तुझ्याकडे चार कॉम्प्युटरवर एकाच वेळी टॅली उघडत असेल तर गोल्डच आहे, नाहीतर काहीतरी गडबड आहे. गोल्डमध्ये लायसन्स चारही मशीनवर टाकलेलं नसतं, ते एकाच कॉम्प्युटरवर अ‍ॅक्टिव्हेट असतं आणि बाकीचे तीन नेटवर्कवरून त्याच्याकडून घेतात, साधारण 9999 नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचा नंबरवाला दरवाजा समज). तो एक कॉम्प्युटर कोणता हे तुला माहीत नसेल आणि तू आधी त्यालाच फॉरमॅट मारलास तर चारही जण एकदम एज्युकेशनलमध्ये जातील आणि सगळे तुझ्याच नावाने ओरडतील.

त्या मशीनवर फॉरमॅटच्या आधी टॅलीच्या हेल्पमध्ये जाऊन सेटिंग, लायसन्स, आणि तिथे सरेंडर करायचं. सरेंडर म्हणजे लायसन्स कंपनीच्या सर्व्हरवर परत जमा केलं, आता ते कुठल्याही मशीनवर घेता येतं. नंतर परत अ‍ॅक्टिव्हेट करताना लायसन्स ज्याच्या नावाने आहे तो ईमेल लागतो, त्या ईमेलवर अनलॉक की येते. सरेंडरच्या आधीच एवढं बघून घे की तो ईमेल कुणाचा आहे आणि तो आज उघडतो का. आपल्याकडे निम्म्या ठिकाणी तो सीए साहेबांच्या ऑफिसचा, नाहीतर शेटजींच्या मुंबईला गेलेल्या मेहुण्याचा निघतो. दुसऱ्याचा असेल तर आधी तो बदलून घे, मग बाकीचं.

त्या लायसन्सवाल्या कॉम्प्युटरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, फिक्स दे. राउटर बंद-चालू झाला की आयपी बदलतो, मग बाकीच्या तिघांना लायसन्स सापडत नाही आणि लोक म्हणतात टॅली उडालं. नवीन विंडोज टाकल्यावर फायरवॉलमध्ये 9999 मोकळा करायचाही राहून जातो, तेव्हा पिंग जातो, म्हणजे मशीन एकमेकांना दिसतात, पण लायसन्स येत नाही आणि पोरं केबल बदलत बसतात. अजून एक, तो कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर ठेव. लाइट गेली की बाकीचे तीन इन्व्हर्टरवर मस्त चालू आणि लायसन्सवालाच बंद, असं मी पाचोऱ्याला बघितलंय. टीएसएसचं रिन्युअल संपलं म्हणून टॅली बंद पडत नाही, हेही शेटजींना सांगून ठेव, लायसन्स कायमचं असतं, टीएसएस नवीन व्हर्जन आणि ऑनलाइन सोयींसाठी आहे.

आता विंडोज. इथे खुंटा बघायला एक कमांड आहे. रन उघड, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलव्ही असं टाईप कर आणि एंटर मार. थोड्या वेळाने खिडकी येते, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी चॅनेल, म्हणजे लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे ते, लिहिलेलं असतं. पाचही मशीनवर हे करून मोबाइलने फोटो काढून ठेव. काहीही उचकटायच्या आधी.

ओईएम डीएम लिहिलं असेल तर निवांत झोप. म्हणजे विंडोजची की मशीन बनवणाऱ्या कंपनीनेच बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) बसवून दिलीय, विंडोज 8 पासून ही पद्धत आली. सेटअप ती की आपोआप वाचतो, फॉरमॅटनंतर एकदा नेट लागलं की काम झालं. फक्त एडिशन तीच टाकायची. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचे असतात आणि दुकानातली पोरं सरसकट प्रो टाकून देतात, मग ते अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, मग क्रॅक मारतात. घरात धान्य असून उसनं आणायला निघाल्यासारखं आहे हे. ओईएमची दुसरी बाजू अशी की ते त्या मशीनबरोबरच जगतं आणि मरतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.

रिटेल लिहिलं असेल तर विंडोजची की वेगळी विकत घेतलेली आहे, एका वेळी एकाच मशीनवर, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. विंडोज 10 पासून डिजिटल लायसन्सचा प्रकारही आला, त्यात 25 अक्षरी की हातात असायलाच पाहिजे असं नाही, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुझ्या हार्डवेअरची नोंद राहते आणि त्याच मशीनवर परत टाकलं की ओळखतं. मदरबोर्ड बदलला तर ओळखत नाही. आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवलं असेल तर ट्रबलशूटरमधून हार्डवेअर बदललंय असं सांगून जमू शकतं. आणि जोडायचं तर शेटजींच्या किंवा फर्मच्या अकाउंटला, तुझ्या स्वतःच्या जीमेलला नाही. ऑफिसच्या बॉक्स व्हर्जनचंही हेच, ते अकाउंटला चिकटतं, आणि कितीतरी दुकानांत ते फिटिंगला आलेल्या पोराच्या अकाउंटला चिकटलेलं असतं आणि तो पोरगा आता सुरतला.

आणि चॅनेलमध्ये व्हॉल्यूम केएमएस क्लायंट दिसलं तर मात्र उठून बस. चार-पाच मशीनच्या जिनिंगमध्ये ते असायचं काहीच कारण नाही. का ते सांगतो. केएमएस हा मोठ्या ऑफिसांचा प्रकार आहे, त्यात प्रत्येक मशीन मायक्रोसॉफ्टकडे जात नाही, कंपनीच्या आतच एक केएमएस सर्व्हर असतो आणि सगळे त्याच्याकडून अ‍ॅक्टिव्हेट होतात, पोर्ट 1688. मशीन सर्व्हरचा पत्ता डीएनएसमधून, म्हणजे नेटवर्कच्या नाव-पत्त्यांच्या वहीतून, शोधून काढतं. पण तो सर्व्हर निदान 25 मशीन मागायला आल्याशिवाय विंडोजला होकारच देत नाही, सर्व्हर विंडोज आणि ऑफिससाठी हा आकडा 5 आहे. मिळालेलं अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवसांचं, मशीन दर 7 दिवसांनी ते परत ताजं करून घ्यायला बघतं, सर्व्हर सापडला नाही तर दर 2 तासांनी परत हाका मारतं.

तर तुझ्याकडे ते दोनच मार्गांनी आलं असेल. एक म्हणजे मशीन रिफर्बिश्ड आहे, मुंबई-पुण्याच्या एखाद्या कंपनीतून निघालेलं, त्यात त्या कंपनीचंच विंडोज राहून गेलंय, आणि ते बिचारं अजून जुन्या मालकाचा सर्व्हर शोधतंय. दुसरा मार्ग म्हणजे कुणीतरी पाचशे रुपयांत अ‍ॅक्टिव्हेट करून दिलंय, ती जी टूल असतात ना, त्यातली बरीचशी खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात. त्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, तिथेच ओळखायचं. एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर टाकलं की मुदतीची तारीख दिसते, तारीख दिसली म्हणजे कायमचं नाही. हे शेटजींना सांगताना कायद्याचंही कानावर घाल, कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 बी, जाणूनबुजून बिनलायसन्सचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरलं तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड असं त्यात लिहिलंय. घाबरवायला नाही सांगत, पण जीएसटी भरणाऱ्या फर्मने पाच की विकत घेणं अवघड नाही. ऑनलाइन तीन-चारशे रुपयाला मिळणाऱ्या की घेऊ नको मात्र. बहुतेक वेळा त्या कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून निसटलेल्या असतात, आज चालतात, एक दिवस ब्लॉक होतात.

व्हॉल्यूममध्ये, म्हणजे घाऊक लायसन्समध्ये, अजून एक आहे, एमएके. त्यात एकच की, पण तिच्यावर ठरावीक वेळा अ‍ॅक्टिव्हेशन होतं, प्रत्येक मशीन एकदाच मायक्रोसॉफ्टकडे जाऊन येतं आणि मग कायमचं सुटतं, 180 दिवसांची भानगड नाही. पण परत परत फॉरमॅट मारलं की मोजणी संपत जाते. नेट नसलेल्या लॅबसाठी त्याची प्रॉक्सी पद्धत आहे, सगळ्या मशीनचे आयडी एका मशीनवर गोळा करायचे, त्या एकानेच बाहेर जाऊन उत्तरं आणायची आणि वाटायची. ती उत्तरं जपून ठेवली तर त्याच हार्डवेअरवर परत टाकताना मोजणीतून वजा होत नाही. तुला आज याचा उपयोग नाही, पण पुढे एखाद्या कॉलेजात लागलास तर आठवेल. तिथेच दुसरी गंमत, लॅबची 30 मशीन एकाच इमेजवरून क्लोन केली आणि सिसप्रेपमध्ये (विंडोजच्याच एका टूलमध्ये) जनरलाइझ करायचं, म्हणजे मशीनची जुनी ओळख पुसायचं, विसरलं तर सगळ्यांची केएमएससाठीची ओळख एकच राहते, सर्व्हरला 30 मशीन एकच वाटतं, मोजणी 1 वरच अडकते आणि 25 काही होत नाही. यावर माझा एक आख्खा रविवार गेलाय.

आता काट्याचा कॉम्प्युटर, माझ्या मते तुझं खरं संकट तेच आहे. त्याला नेट नाही, त्यावरचं वजनाचं सॉफ्टवेअर कुणा लोकल माणसाने करून दिलेलं असणार, आणि मागे एक डोंगल खोचलेलं असणार. डोंगल म्हणजे लायसन्स हातात धरता येतं, सुट्या मशीनसाठी याच्याइतकं सुटसुटीत काही नाही, मशीन जळलं तरी डोंगल काढून दुसऱ्याला लावलं, ड्रायव्हर टाकला, चालू. आपल्याकडे डीटीपीवाल्यांची श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) कितीतरी वर्षं अशाच लॉकवर चालली. पण डोंगल हरवलं किंवा तुटलं तर लायसन्सच गेलं असं बऱ्याच कंपन्या धरतात, नवीन घ्या म्हणतात. काट्याच्या केबिनमध्ये रुईचा भुरका उडतो, ट्रकवाला आत येऊन टेबलाला टेकतो, गुडघा लागतो. म्हणून डोंगल पुढच्या पोर्टला नको, मागे लाव, शक्य असेल तर हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून टेबलाखाली बांधून टाक.

सेंटिनल किंवा हास्प जातीचं डोंगल असेल तर त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट 1947 टाकून बघ, स्वातंत्र्याचं साल, विसरायचं कामच नाही. तिथे डोंगल दिसतंय का, किती जणांसाठी आहे, नेटवर्कवरून चालतं का, सगळं कळतं. नेटवर्कवालं असेल तर ते ऑफिसच्या एका मशीनला लावून बाकीच्यांना तिथूनच लायसन्स मिळतं. सिंगलवालं असेल आणि तू रिमोट डेस्कटॉपने शिरलास तर "टर्मिनल सर्व्हिसेस सापडलं" अशा अर्थाचा मेसेज येऊन सॉफ्टवेअर उघडणारच नाही, तेव्हा डोंगल खराब झालं समजू नको, स्क्रीन शेअर करणाऱ्या अ‍ॅपने जाऊन बघ, बहुतेक वेळा चालतं.

ड्रायव्हरचं मात्र आधी बघायचं. जुन्या डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज 11 वर बसेलच असं नाही, आणि ज्याने सॉफ्टवेअर केलं तो माणूस फोन उचलेल असंही नाही. मी तर म्हणतो ते मशीन फॉरमॅटच करू नको. त्याला नेट नाही, पेनड्राइव्ह बंद ठेव, हार्ड डिस्कची जशीच्या तशी इमेज काढून ठेव आणि सीझन जाऊ दे. मुळात ते मशीन सात-आठ वर्षांहून जुनं असेल तर विंडोज 11 त्याला घेणारही नाही, इंटेलचं 8 वी जनरेशन आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं.

डोंगल नसून मशीनला बांधलेलं निघालं तर सॉफ्टवेअर एक रिक्वेस्ट कोड दाखवतं, तो करणाऱ्याला पाठवायचा, तो उत्तराचा कोड देतो. नेट नसलेल्या मशीनची ही सर्वसाधारण रीत आहे, टॅलीतही ऑफलाइन करता येतं, रिक्वेस्टची फाइल पेनड्राइव्हने नेटवाल्या मशीनवर नेऊन उत्तराची फाइल आणायची. विंडोजमध्ये तोच प्रकार आकड्यांत आहे, 63 आकडी इन्स्टॉलेशन आयडी मायक्रोसॉफ्टला कळवायचा आणि 48 आकडी कन्फर्मेशन आयडी घेऊन टाकायचा. एक आकडा चुकला की परत. त्यापेक्षा मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला द्यायची सोय) पाच मिनिटं चालू कर, अ‍ॅक्टिव्हेट झालं की केबल काढून घे. वायफाय कार्ड नसलं तरी चालतं.

तू लॅनच्या लायसन्सचं विचारलंस म्हणून फ्लोटिंगचं, म्हणजे वाटून वापरायच्या लायसन्सचंही सांगतो. गावातलं भाड्याच्या सायकलींचं दुकान आठव, सायकली दहा, पोरं चाळीस, ज्याला लागेल तो नेतो, परत आणली की दुसरा नेतो, अकरावा आला तर थांबतो. इंजिनिअरिंगची महागडी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अशीच चालली, लॅनमधल्या सर्व्हरवर फ्लेक्सनेट नावाचा लायसन्स मॅनेजर, साधारण 27000 ते 27009 पोर्ट. सायकल चार दिवसांसाठी बाहेरगावी न्यायची सोयही त्यात असते, तिला बॉरो म्हणतात. आणि त्याचा खुंटा बहुतेक वेळा सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस असतो. एका पॉलिटेक्निकात जूनच्या पहिल्या पावसात वीज पडून ते कार्ड गेलं, मी शंभर-दीडशे रुपयांचं नवीन कार्ड बसवलं, नेटवर्क चालू, पण लायसन्स एकालाही मिळेना, कारण फाइलमध्ये जुन्या कार्डाचा मॅक लिहिलेला. नवीन फाइल येईपर्यंत पोरांची प्रॅक्टिकल बोंबलली.

ऑटोकॅडसारख्यांनी आता तोही प्रकार गुंडाळला, त्याच्या कंपनीने, ऑटोडेस्कने, नवीन कायमची लायसन्स द्यायचं 2016 पासून बंद केलं आणि नेटवर्कवालीही ऑगस्ट 2020 पासून माणसाच्या नावाने करायला घेतली. आता लायसन्स मशीनचं नाही, लॉगिनवाल्या माणसाचं, आणि 30 दिवसांतून एकदा तरी नेटवर जाऊन हजेरी द्यावी लागते. मला हा प्रकार फारसा आवडत नाही. नेटवर अवलंबून राहिलं की दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहिलं, फोटोशॉपवाल्या अडोबीने जुन्या सीएस 2 सॉफ्टवेअरचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर 2013 च्या सुमारास बंद केले तेव्हा पैसे देऊन घेतलेल्यांना कंपनीने वेगळी कॉपी आणि की दिली म्हणून निभावलं.

हां, आणि एक स्वस्तातली गोष्ट राहिली. लायसन्स एक्स्पायर्ड म्हणून मेसेज आला की आधी खाली उजवीकडे तारीख बघ. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते, लायसन्सवाल्याला वाटतं कुणीतरी घड्याळ फिरवून फसवतंय, आणि ब्राउझरही सुरक्षित साइट उघडत नाही त्यामुळे ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशनही होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्रीत पत्र्याच्या केबिनमध्ये सेल किती टिकणार? काट्याच्या मशीनमध्ये आजच नवीन टाक.

तर आता काम असं कर. आज पाचही मशीनचे डीएलव्हीचे फोटो आणि टॅलीच्या लायसन्स स्क्रीनचा फोटो काढ. उद्या शेटजींकडून तो ईमेल कुणाचा ते काढ आणि त्यांच्यासमोर लॉगिन करून बघ. मग ज्यावर टॅलीचं लायसन्स नाही असं एक साधं मशीन आधी घे, ते करून दोन दिवस चालू दे, त्यानंतर बाकीची, टॅलीवालं सगळ्यात शेवटी, शनिवारी संध्याकाळी नाही, मंगळवारी सकाळी, म्हणजे अडलं तर सपोर्टला फोन लागतो. काट्याच्या डोंगलवर काय छापलंय तेवढं लिहून पाठव, ते बघून त्याच्या ड्रायव्हरचं सांगतो.